ड्रिलच्या बॅटरीवर घरातला दिवा

कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर गेलेली लाईट कधी येईल याचा नेम नसतो. वारा सुटला की एखादा माड नाहीतर आंब्याची मोठी फांदी तारांवर येते. वायरमनने वाडीपर्यंत पोचायचं तर त्याच्या वाटेतही झाडंच आडवी पडलेली असतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगडात आणि दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांनी कित्येक रात्री अंधारात काढल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला धरून वर सरकलं आणि पुन्हा तेच झालं. अशा वेळी घरातला इन्व्हर्टर एखादा दिवस तग धरतो, मग तोही गप्प. त्याची बॅटरी उचलून दुसरीकडे चार्ज करून आणायची म्हणजे दोन माणसांचं काम.

आणि त्याच घरात, पडवीच्या कोपऱ्यात, ड्रिलसारख्या हत्याराची एक भरलेली बॅटरी पडलेली असते. सुताराकडे असते, फॅब्रिकेशनवाल्याकडे असते, बागेत बॅटरीवरचा ग्रास कटर वापरणाऱ्याकडे असते. हातात मावणारी, अर्ध्या-पाऊण किलोची. गावात कुणाकडे जनरेटर चालू असेल तर तासा-दीड तासात तिथून चार्ज करून आणता येते. या बॅटरीवर दिवा लावता येतो, आणि चांगला लावता येतो. फक्त ती सरळ दोन वायरींनी मिळेल त्या दिव्याला जोडू नये. का जोडू नये, हे नीट कळलं की बाकीचं काम एका संध्याकाळचं आहे.

आधी बॅटरीच्या पोटात काय आहे ते पाहू. वरून प्लॅस्टिकचा ठोकळा दिसतो, पण आत लिथियम-आयनचे सेल असतात. बहुतेक वेळा १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून त्यांना १८६५० म्हणतात. एका सेलचा सरासरी व्होल्टेज ३.६. पूर्ण भरला की ४.२, आणि ३ च्या खाली त्याला नेऊ नये. असे पाच सेल एकामागोमाग जोडले की १८ व्होल्टची बॅटरी होते. भरलेली असताना ती २१ व्होल्ट दाखवते, आणि १५ वर आली की रिकामी समजायची. काही कंपन्या हिलाच २० व्होल्टची म्हणतात. आत सेल तेच पाच, फरक फक्त कुठला आकडा छापायचा एवढाच. बाजारातल्या काही स्वस्त बॅटऱ्यांवर तर ४८, ८८ असले आकडे दिमाखात छापलेले असतात. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा, तिथेही २० च्या आसपासच दिसेल. छापील आकडा बघून दिवा निवडू नका, मोजलेला आकडा बघून निवडा.

दुसरा आकडा अँपिअर-तासांचा, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचा. १८ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॉट-तास. याचा सरळ अर्थ, ९ वॉटचा दिवा कागदावर दहा तास. मधल्या सर्किटमध्ये थोडी वीज वाया जाते आणि बॅटरी तळापर्यंत ओरबाडायची नसते, म्हणून सात-साडेसात तास धरा. स्वयंपाकघरात किंवा ओटीवर ३ वॉटचा एलईडी पुरेसा होतो, आणि तो याच बॅटरीवर रात्री मिळून वीस तासांच्या वर चालतो. २ अँपिअर-तासांची लहान बॅटरी असेल तर तिच्यात ३६ वॉट-तास आहेत, हिशोब तसा कमी करा. इथेही छापील आकड्यावर डोळे मिटून विश्वास नको. एक १८६५० सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो, आणि चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन अँपिअर-तासांपर्यंतच वीज मावते. म्हणजे ५ अँपिअर-तासांसाठी या आकाराचे पाचाच्या दोन रांगा, दहा सेल लागतात, आणि कव्हर धरून बॅटरी सहाशे ग्रॅमच्या पुढे जाते. वाणसामानाच्या काट्यावर ठेवा. साडेतीनशे भरली तर आत एकच रांग आहे, वर ५ लिहिलेलं असो की ८.

आता दिव्याकडे. इथे जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे, कारण बहुतेकांचे दिवे इथेच जळतात.

जुन्या पिवळ्या बल्बला व्होल्टेज थोडा जास्त दिला तर तो थोडा जास्त पेटायचा. एलईडीचं तसं नाही. पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्टला पेटतो, आणि त्याच्या वर व्होल्टेज थोडा जरी चढवला तरी करंट भराभर वाढतो. एलईडीला खरं तर व्होल्ट नाही, मोजका करंट द्यायचा असतो. तो मोजका ठेवण्याचं काम कुणीतरी करावंच लागतं.

गणपतीच्या मखराला लावतो ती १२ व्होल्टची एलईडी पट्टी घ्या आणि उजेडात जवळून बघा. दर तीन एलईडींनंतर कापायची खूण दिसेल. त्या तिघांच्या मध्ये एक बारीक काळा चौकोन असतो, तांदळाच्या दाण्याहून लहान, आणि त्यावर १५१ असा काहीसा आकडा असतो. हा रेझिस्टर, करंटला अडवून मोजका ठेवणारा. १५१ म्हणजे १५ वर एक शून्य, १५० ओहम. तीन एलईडी मिळून ९ व्होल्ट घेतात, १२ मधले उरलेले ३ व्होल्ट या चौकोनाच्या वाट्याला येतात. ३ भागिले १५० म्हणजे २० मिलिअँपिअर. एलईडीला तेवढेच हवे असतात.

हीच पट्टी भरलेल्या ड्रिल-बॅटरीला सरळ लावा. २१ मधून ९ गेले, १२ उरले. रेझिस्टर बिचारा तोच, १५० ओहमचा. करंट झाला ८० मिलिअँपिअर, म्हणजे चौपट. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्या दाण्याएवढ्या तुकड्यात सोळापट. प्रत्यक्षात एलईडी स्वतः थोडा जास्त व्होल्टेज घेतो, त्यामुळे आकडे जरा खाली येतात, पण निकाल बदलत नाही. पट्टी पांढरीशुभ्र झगमगते, बघणारा म्हणतो काय उजेड आहे, आणि थोड्याच वेळात तिच्या मागचा चिकट भाग गरम होऊन सुटायला लागतो. कापडी पडदे आणि कागदी फुलं लावलेल्या मखरात हे व्हावं असं कुणालाच वाटणार नाही.

यावर दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग फारसा कुणी सांगत नाही, पण मला तो फार आवडतो: २४ व्होल्टची पट्टी घ्यायची आणि बॅटरीला लावायची. त्यात बहुधा सहा एलईडींचा गट असतो, म्हणजे पट्टीला पेटायलाच १८ व्होल्टच्या आसपास लागतात. भरलेल्या बॅटरीवर ती अर्ध्या तेजाने पेटते. बॅटरी उतरत जाते तशी पट्टी मंद होत जाते, आणि १६ च्या आसपास जेमतेम मिणमिणते. जास्त करंट जाण्याची भीतीच नाही, मध्ये सर्किट नाही, बिघडण्यासारखं काही नाही. शिवाय दिवाच सांगतो की बॅटरी संपत आली, आता काढ. घेताना एवढंच बघायचं की कापायची खूण दर सहा एलईडींना आहे. सात-आठांचा गट असेल तर पट्टी धड पेटणारच नाही. वाचायला बसण्याएवढा उजेड हिच्यातून मिळत नाही, पण पडवी, जिना, गोठा, न्हाणीघर यांना तो भरपूर आहे.

दुसरा मार्ग म्हणजे मध्ये व्होल्टेज उतरवणारं सर्किट बसवायचं. याला बक कन्व्हर्टर म्हणतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एलएम२५९६ या नावाचं छोटं मॉड्यूल मागा, आगपेटीपेक्षा लहान असतं. ते वीज फार वेगाने चालू-बंद करून आणि कॉइलमध्ये साठवून १८-२१ चे १२ करतं, आणि हे करताना साधारण १०-१५ टक्केच वीज घालवतं. व्होल्टेज उतरवणारं, तीन टांगांचं जुनं ७८१२ लावू नका. ते जास्तीचा व्होल्टेज नुसता उष्णतेत जाळतं, म्हणजे तुमच्या बॅटरीचा एक तृतीयांश भाग खोली गरम करण्यात जातो.

या मॉड्यूलवर निळ्या डबीच्या टोकाला पितळेचा एक इवलासा स्क्रू असतो. तो फिरवून बाहेर पडणारा व्होल्टेज ठरवायचा. नवीन मॉड्यूलवर स्क्रूचे बरेच फेरे घेतले तरी मल्टिमीटरचा काटा हलत नाही, मग माणसाला वाटतं की माल खराब आला. तसं नसतं. कारखान्यातून तो बहुधा वरच्या टोकाला ठेवलेला असतो. घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत राहा, बऱ्याच फेऱ्यांनंतर आकडा अचानक खाली यायला लागतो. १२ वर आणा आणि मगच दिवा जोडा. आधी दिवा जोडून मग स्क्रू फिरवायला बसलात तर पहिल्याच सेकंदाला दिव्यावर २१ व्होल्ट जातील. मॉड्यूलवर ३ अँपिअर लिहिलेलं असलं तरी २ च्या आतच वापरा, आणि ते उघडं न ठेवता हवा खेळेल अशा डबीत, मखराच्या बाहेर ठेवा.

दिवा म्हणून बाजारात १२ व्होल्टचे डीसी बल्ब मिळतात, क्लिपवाले. हे बघून घ्या: काही डीसी बल्बांचं टोक आपल्या घरच्या होल्डरमध्ये बसतं तसंच असतं. कुणी चुकून तो २३० व्होल्टच्या होल्डरला लावला तर बल्ब फुटू शकतो. घरात लहान मुलं आणि सणाला मुंबईहून आलेली दहा माणसं असतात, प्रत्येकाला सांगत बसता येत नाही. म्हणून क्लिप किंवा वायर बसवलेलाच घ्या.

आता मुख्य गोष्ट. दिवा जळला तर पन्नास-शंभर रुपयांचं नुकसान. बॅटरी मेली तर काही हजारांचं, आणि धोका वेगळा.

लिथियम सेल फार खाली उतरला की त्याच्या आतलं रसायन बिघडतं. ऋण टोकाकडे तांब्याचा पातळ पत्रा असतो, तो थोडा थोडा विरघळायला लागतो. नंतर असा सेल चार्ज केला की ते तांबं भलत्या जागी जाऊन बसतं आणि आतल्या आत शॉर्ट होण्याची शक्यता तयार होते. बाहेरून बॅटरी तशीच दिसते. ड्रिल वापरताना हे होत नाही, कारण बॅटरी उतरली की ड्रिल आपणहून थांबतं. पण थांबवतं कोण? पुष्कळ कंपन्यांमध्ये हे काम बॅटरीतलं सर्किट नाही, तर हत्यारातलं सर्किट करतं. बॅटरीवर धातूच्या मोठ्या दोन पट्ट्यांशिवाय ज्या बारीक पट्ट्या दिसतात, त्यांच्यातून ती माहिती हत्याराला मिळते. आपण बॅटरी ड्रिलमधून काढून दिव्याला लावली, की तिचा राखणदार ड्रिलमध्येच राहिला.

इथे बक कन्व्हर्टरचा गुणच अंगावर येतो. तो बॅटरी २१ ची असो वा १४ ची, दिव्याला इमानेइतबारे १२ देत राहतो. उजेड जराही कमी होत नाही. उलट बॅटरीचा व्होल्टेज खाली येतो तसा तो तिच्यातून जास्त करंट ओढतो. तुम्ही भजनात रंगलेले, दिवा लख्ख, आणि बॅटरी केव्हाच धोक्याच्या रेषेखाली गेलेली. २४ व्होल्टची पट्टी मला का आवडते ते आता लक्षात येईल. ती मंद होऊन सांगते, बक सांगत नाही.

म्हणून बक लावायचा तर त्याच्या आधी, बॅटरीच्या बाजूला, कमी व्होल्टेजला वीज तोडणारं मॉड्यूल लावलंच पाहिजे. दुकानात लो व्होल्टेज कट-ऑफ म्हणून मिळतं. तोडायचा आकडा १५.५ ठेवा, १६ ठेवलात तर आणखी चांगलं. थोड्या मिनिटांचा उजेड जातो, पण बॅटरीचं आयुष्य वाढतं. पुन्हा जोडायचा आकडा १८ किंवा त्याच्या वर ठेवा. हा दुसरा आकडा का लागतो? भार काढला की दमलेल्या बॅटरीचा व्होल्टेज आपोआप थोडा वर येतो. दोन्ही आकडे जवळजवळ ठेवले तर दिवा बंद होतो, व्होल्टेज चढतो, दिवा लागतो, उतरतो, पुन्हा बंद, असा खेळ रात्रभर चालतो. या मॉड्यूलमध्ये रिले (चुंबकाने चालणारा स्विच) असेल तर तो चालू असताना स्वतःच वीज खातो. ३ वॉटच्या दिव्याला ते परवडत नाही. मॉस्फेटवालं (इलेक्ट्रॉनिक स्विचचं) मिळालं तर तेच घ्या.

आणि काम झालं की बॅटरी काढून ठेवा. दिव्याचं बटण बंद केलं तरी मॉड्यूल जागंच असतं. ते १० मिलिअँपिअर खात असेल असं धरलं, तर ५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन आठवड्यांत तळाला जाते. गणपतीला लावलेली बॅटरी दसऱ्याला आठवली तर ती मेलेलीच सापडेल.

जोडणीसाठी बॅटरीचं तोंड उघडून वायर डकवू नका. प्रत्येक मोठ्या कंपनीच्या बॅटरीच्या मापाचे प्लॅस्टिकचे अॅडॉप्टर मिळतात, ड्रिलच्या मुठीसारखे बॅटरीवर सरकवून बसतात आणि त्यातून लाल-काळ्या दोन वायरी बाहेर येतात. त्या बारीक पट्ट्यांना हात लावायचा नाही. काही बॅटऱ्यांत त्या थेट एकेका सेलला जोडलेल्या असतात. अॅडॉप्टर नवा आला की रंगावर विसंबू नका, मल्टिमीटरने धन-ऋण एकदा तपासा.

लाल वायरवर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, गाडीत असतो तसा फ्यूज लावा. ३ अँपिअरचा पुरे. हे टाळू नका. लाकडात अडकलेल्या ड्रिलला ही बॅटरी ३०-४० अँपिअर सहज देते. तेवढाच करंट ती शॉर्ट झालेल्या वायरलाही देईल, आणि बारीक वायर काही क्षणांत लाल होईल. कौलाखालचे वासे, गवताची गंजी, सुकवलेली सोलं हे सगळं आपल्याकडे वायरच्या हाताशीच असतं.

चार्जिंग मात्र तिच्या स्वतःच्या चार्जरवरच. अॅडॉप्टरच्या वायरींतून उलटी वीज घालून ती चार्ज करायचा प्रयत्न कधीही करू नये. पाचही सेलवर आणि तापमानावर नजर ठेवणं त्या चार्जरला जमतं, इतर कशाला नाही.

किनाऱ्यावरच्या हवेचं वेगळं सांगायला हवं. पुण्यात वर्षानुवर्षं चकचकीत राहणाऱ्या बॅटरीच्या पट्ट्या देवगड-गुहागरला एका पावसाळ्यात हिरवट होतात. खारी दमट हवा तांब्या-पितळेला सोडत नाही. पट्टीवर हिरवा थर आला की तिथला विरोध वाढतो आणि जोड गरम होतो. मऊ खोडरबराने पट्ट्या पुसा, बॅटरी नसताना अॅडॉप्टरच्या पात्यांवर पेट्रोलियम जेलीचं अगदी पातळ बोट फिरवा. वायर घेताना कथिलाचा मुलामा असलेली मिळाली तर घ्या. बॅटरी पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, मे महिन्यात तिथे भट्टी असते. भरलेली बॅटरी गरम जागेत फार लवकर म्हातारी होते. माझं मत असं: मेच्या शेवटी पूर्ण भरून ठेवावी, गणपतीपर्यंत भरलेलीच असू द्यावी, आणि दिवाळीनंतर काम नसेल तर अर्ध्यावर आणून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवावी.

पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी सुकवून वापरायचा मोह होतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये दुकानंच्या दुकानं पाण्याखाली गेली, तेव्हा कितीतरी हत्यारंही बुडाली असतील. अशी बॅटरी चार्जरला लावू नका. आत शिरलेलं पाणी पट्ट्या कुरतडत राहतं आणि बिघाड कित्येक दिवसांनी समोर येतो. ती घराबाहेर, जळण्यासारखं काही जवळ नसेल अशा जागी ठेवा. फुगलेली, वास येणारी, आपोआप गरम होणारी बॅटरीही तशीच. कचऱ्यात किंवा खाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारणं हा तुमचा हक्क आहे.

हे सगळं घरातल्या, वाडीतल्या उजेडासाठी. समुद्रात मासळी गोळा करायला एलईडी लावण्यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली आहे. त्या कामाला हा लेख वापरू नये, अशी विनंती.

मखराचा हिशोब अनेकजण विचारतात, म्हणून तो देतो. साधी १२ व्होल्टची पट्टी मीटरला ५ वॉटच्या आसपास घेते. पाच मीटरचं पूर्ण रीळ लावलं तर २५ वॉट, आणि ९० वॉट-तासांची बॅटरी तीन तासांत संपते. दोन मीटर लावा. मूर्तीवर पुरेसा उजेड पडतो आणि आरत्या, भजन, जेवणं उरकेपर्यंत सात तास निघतात. जाड, जास्त तेजाच्या पट्ट्या मीटरला १४ वॉटपर्यंत घेतात. त्या बॅटरीच्या कामाच्या नाहीत.

ज्यांना सोल्डरिंग नको, स्क्रू फिरवणं नको, त्यांच्यासाठी सोपी वाट आहे. बऱ्याच कंपन्या आपल्याच बॅटरीवर बसणारा यूएसबी अॅडॉप्टर विकतात. तो ५ व्होल्ट देतो, त्याला यूएसबीचा छोटा बल्ब लावा, मोबाइलही चार्ज होतो. एकच दिवा हवा असेल तर कंपनीचा तयार वर्कलाइट घेणंही शहाणपणाचं, त्याचा उजेड तीक्ष्ण असतो पण बॅटरी सांभाळण्याची सोय त्यात असते. स्वस्तातला बिननावाचा अॅडॉप्टर घेतलात तर बॅटरी उतरल्यावर तो बंद होतो की नाही ते आधी तपासा. बॅटरीच्या मोठ्या पट्ट्यांवर मल्टिमीटर लावून दर तासाला आकडा लिहा. १५.५ च्या खाली जाऊनही दिवा चालूच राहिला, तर तो लगेच काढा आणि त्याच्यासोबत वर सांगितलेलं कट-ऑफ वापरा.